उपकारस्तुतीत वाचलेला आकडा

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, हजेरीवर सही करणं, फार तर आजारी माणसासाठी प्रार्थनेची चिठ्ठी. त्यापुढचं लिखाण आमच्यात कुणी केलेलं नाही, आणि मी करावं असं मोठं काही माझ्या हातून घडलेलंही नाही. एका चौकटीत दोनपैकी कोणता आकडा लिहायचा, एवढीच ती गोष्ट. त्यासाठी वाचणाऱ्याचा वेळ घ्यावा का, हे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. तरी लिहितोय, कारण त्यातलं एक मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. पप्पांनाही नाही.

आम्ही निमोण्याचे. पप्पा रांजणगावच्या एका कंपनीत गेटवर वॉचमन आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर रजिस्टरात लिहायचे, हे त्यांचं काम. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. दोघंही आठवीपर्यंत शिकलेली. आम्ही ख्रिस्ती; रविवारी शिरूरच्या चर्चमध्ये उपासनेला जातो. मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, आता लहान झाली आहे, त्यामुळे शिरूर आणि दौंड मिळून एकच पाळकसाहेब आहेत. ते दौंडला राहतात. सकाळी नऊला शिरूरची उपासना घेतात आणि दुपारी चारला दौंडची. माझे मामा दौंडला रेल्वेत गँगमन आहेत आणि तिथल्या मंडळीत पहिल्या बाकावर बसतात. म्हणजे आमच्या घरातली कुठलीही बातमी एका रविवारी दोन ठिकाणी वाचली जाते.

वाचली जाते असं म्हणतो, कारण आमच्यात ती पद्धतच आहे. मूल झालं, ऑपरेशन पार पडलं, नोकरी लागली, पोरगं पास झालं, की घरच्यांनी चिठ्ठी लिहून द्यायची आणि पाळकसाहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचायची. याला उपकारस्तुती म्हणतात. चिठ्ठीत जे असेल तेच पाळकसाहेब वाचतात. मग एक गीत होतं. बाहेर पडताना लोक हात मिळवतात आणि सलाम म्हणतात.

बारावीनंतर मी सीईटी दोन्ही गटांतून दिली होती. जीवशास्त्राच्या गटाला पीसीबी म्हणतात, गणिताच्या गटाला पीसीएम. दोन्ही दारं उघडी राहतील, असं आमचे सर म्हणाले होते. मला मात्र इंजिनिअरच व्हायचं होतं. निकाल मी घराच्या ओट्यावर बसून फोनवर पाहिला. वरच्या ओळीत पीसीबी होतं, ९१.२७ पर्सेंटाइल. खालच्या ओळीत पीसीएम, ७३.८४.

आईने आतून विचारलं, "किती?"

मी वरची ओळ वाचली. मग थांबून खालचीही वाचली. आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मग जास्तीचंच धरायचं की." खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. दोन पेपर दिले, त्यातला एक बरा गेला, तर बरा गेलेला धरतील. यात मला काही चुकीचं दिसलं नाही. किंवा दिसलं असेल तर मी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते आता सांगता येणार नाही.

आईने चिठ्ठी लिहिली. रविवारी पाळकसाहेबांनी ती वाचली, की आमच्या मुलाला सीईटी परीक्षेत एक्याण्णव पूर्णांक सत्तावीस पर्सेंटाइल मिळाले म्हणून हे कुटुंब देवाचे उपकार मानत आहे. पुढच्या बाकावरच्या दोघीतिघींनी वळून आईकडे पाहिलं. आईने पदर सारखा केला. त्याच दुपारी दौंडला तीच चिठ्ठी वाचली गेली आणि, मामींनी नंतर सांगितलं, मामा जागेवर उभे राहिले. तसं उभं राहायची काही रीत नाही. नुसतेच उभे राहिले.

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ख्रिस्ती मुलांसाठी नऊ जागा होत्या आणि त्यांचा अर्ज थेट कॉलेजकडे करायचा होता. सोबत पाळकांचं पत्र लागत होतं, की हा मुलगा आमच्या मंडळीचा आहे. पाळकसाहेबांनी पत्र दिलं. त्यात आपल्या मनाने त्यांनी आणखी एक ओळ घातली, 'यास सीईटीत ९१.२७ पर्सेंटाइल प्राप्त झाले आहेत.' मागितलेली नसताना घातलेली, नुसत्या मायेने घातलेली ओळ होती ती.

अर्ज भरायला पप्पा आणि मी शिरूरच्या एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर सेंटरवर गेलो. तिथल्या दादाने पत्र स्कॅन करायला घेतलं, वाचलं, आणि फॉर्मवर 'सीईटी पर्सेंटाइल' अशी चौकट आली तेव्हा पत्रात बघूनच आकडा टाकला. चौकट एकच होती. मी म्हणालो, "दादा, माझे दोन आहेत." तो म्हणाला, "जास्तीचा धरतात. कालच एका पोरीचा फार्मसीचा भरलाय, दोन्हीतला जास्तीचा घेतला तिचा." आमच्या मागे पाच-सहा जण उभे होते. मी मान हलवली. प्रिंट निघाली. खाली हमीपत्र होतं, की वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास प्रवेश रद्द होईल आणि पुढील कारवाईस आम्ही पात्र राहू. पालकाच्या सहीच्या जागी पप्पांनी सही केली. ते सही सावकाश करतात, अक्षर अक्षर जोडून, आणि झाल्यावर एकदा वाचून बघतात.

सोमवारी यादी लागली. माझं नाव तिसरं होतं.

त्या दिवशी पप्पांनी गेटवरच्या सगळ्यांना चहा पाजला. मी कॉलेजची माहितीपुस्तिका फोनवर उघडली. मूळ कागदपत्रं कोणती न्यायची ते बघायचं होतं, कारण पुढच्या मंगळवारी तपासणी होती. कागदपत्रांच्या यादीच्या वरच एक ओळ होती. अभियांत्रिकी प्रवेशासाठी फक्त पीसीएम गटाचे पर्सेंटाइल ग्राह्य धरले जातील. मी ती तीनदा वाचली. मग फोन पालथा ठेवला.

भीती कशी असते ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. परीक्षेची असते ती वेगळी, ती पेपर हातात आला की जाते. ही जात नव्हती. जेवायला बसलो की घास तोंडात फिरायचा. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी तो वाजून बंद होऊ द्यायचो. एकदा तो गॅसवाल्याचा होता, आणि आई सिलिंडर परत गेला म्हणून माझ्यावर चिडली. 'पुढील कारवाई' या दोन शब्दांचं मी काय काय करून ठेवलं होतं, ते लिहायला लाज वाटते. कुणीतरी कंपनीच्या गेटवर जाऊन पप्पांना त्यांच्या सहीचा कागद दाखवतोय, हे मला दिवसाढवळ्या दिसायचं. पप्पा कुठलाही कागद वाचून बघणारे. तो कागद ते वाचतील, मग माझ्याकडे बघतील.

याहून वाईट दुसरंच होतं. मी हिशेब करत होतो. गुणपत्रकावर पीसीबी वरच्या ओळीत आहे. तपासणाऱ्याला घाई असेल. तो फक्त वरची ओळ बघेल, ९१.२७ दिसेल, टिकमार्क करेल, पुढच्याला बोलावेल. असं होऊ शकतं. मंगळवार, बुधवार असे दोन दिवस मी याच आशेवर काढले. कधी कधी तर या विचाराने मला भूकही लागायची.

गुरुवारी पप्पांना सलग दुसरी पाळी करावी लागली, म्हणून मी डबा घेऊन रांजणगावला गेलो. दुपारची वेळ होती. गेटच्या केबिनमध्ये स्टुलावर बसलो. बाहेर एक ट्रेलर थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर हिंदीत भांडत होता, की आत जाताना त्याचा नंबर चुकीचा लिहिलाय, त्यामुळे बाहेरचा पास मिळत नाही. आधीच्या पाळीच्या माणसाने शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले होते. पप्पा उठले. गाडीच्या पुढे जाऊन नंबर बघितला, मागे जाऊन बघितला, आत आले. रजिस्टरात जुन्या नंबरावर एक सरळ आडवी रेघ मारली. वर बरोबर नंबर लिहिला. बाजूला सही केली, वेळ टाकली.

मी विचारलं, "व्हाइटनर लावलं असतं तर?"

"खोडायचं न्हाई कवाच. चुकलेलं दिसलं पायजे. रेघ मारायची, वर बरोबर लिव्हायचं आन् सही करायची. मंग कुणी इचारत न्हाई."

पुढची गाडी यायला वेळ होता. पप्पांनी डबा उघडला. मी पहिली भाकरी संपू दिली. मग सांगितलं. सलग सांगता आलं नाही. दोन गट, एक चौकट, पत्रातली ओळ, पुस्तिकेतली ओळ, सगळं मागेपुढे झालं. पप्पांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी गप्प झाल्यावर त्यांनी डब्याचं झाकण लावलं. एक टेम्पो आला होता. बाहेर जाऊन त्याचा नंबर लिहून आले.

मग म्हणाले, "त्या फॉर्मवर सही कुणाची हाय?"

"तुमची."

"आन् पत्रावर?"

"पाळकसाहेबांची."

"मंग आधी त्यांच्याकडं जा. त्यांची सही आधीची हाय. माझं मी बगतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी डबा घेऊन उठलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, की आईला ते सांगतील, मी सांगू नये.

तिथूनच शिरूरला आलो आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी बस पकडली. चौफुल्याहून दौंड. त्या रस्त्याने मी लहानपणापासून मामांकडे गेलोय. भीमेचा पूल आला की आई पाण्याकडे बोट दाखवायची, आणि मी मोठा झालो तरी दाखवते. त्या दिवशी पूल कधी गेला ते मला कळलं नाही. मी मनात वाक्यं जुळवत होतो. पाळकसाहेब, एक चूक झालीय. पाळकसाहेब, तुमच्या पत्रात. यातलं एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

पाळकसाहेब अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत होते. हात काळे झाले होते. म्हणून सलाम म्हणताना त्यांनी मनगट पुढे केलं. पाळकीणबाईंनी चहा आणला. मी कप हातात धरून सगळं सांगितलं. या वेळी जरा सरळ सांगता आलं. ते प्लग पुसत ऐकत होते.

"आईला माहीत होतं?"

"दोन आहेत ते माहीत होतं. कुठला लागतो ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं."

"आणि तुला कधी कळलं?"

"सोमवारी. यादी लागली तेव्हा."

"आज गुरुवार आहे," पाळकसाहेब म्हणाले. "इतके दिवस कुठे होतास?"

एवढंच विचारलं त्यांनी. चहावर साय धरली होती ती मी बघत राहिलो. मग ते उठले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि आत जाऊन फाइल घेऊन आले. पत्राची प्रत त्यात होती. मी कसंबसं सांगितलं, की पप्पा गेटवर चूक कशी दुरुस्त करतात. ते हसले नाहीत. पट्टी घेतली, ९१.२७ वर रेघ मारली, वर ७३.८४ लिहिलं, कंसात पीसीएम लिहिलं, सही केली आणि तारीख टाकली. मग कॉलेजच्या नावाने नवीन पत्र लिहिलं. त्यात माझ्याबद्दल चांगलं एक अक्षरही नव्हतं. आकडा चुकला आहे, बरोबर आकडा हा आहे, उमेदवाराने स्वतः येऊन सांगितला, एवढंच.

पत्र माझ्या हातात देत ते म्हणाले, "चिठ्ठी मी दोन्हीकडे वाचलीय. दुरुस्तीही रविवारी दोन्हीकडे वाचीन."

मी म्हणालो, "शिरूरला नका वाचू. आई बसलेली असते."

"ते माझ्या तोंडून गेलंय, बाळा. तुझ्या नाही."

मी पत्र बॅगेत ठेवलं. संध्याकाळी मामांकडे गेलो. मामांना सांगणं भाग होतं, कारण रविवारी ते पहिल्या बाकावर बसणार होते. ते मोठमोठ्याने हसले. म्हणाले, "म्हंजी आमी उगाच हुबं राह्यलो व्हय? आता बसायचं कधी ते तरी सांगून ठिवा." मामी त्यांच्यावर खेकसल्या. मग मामा ड्युटीच्या बुटांचे बंद सोडत बसले. नंतर म्हणाले, की पुण्याला जायला सकाळची सातची बस बरी, ती यवतला फार थांबत नाही.

ती थांबली. शुक्रवारी सकाळी यवतला बसचं काहीतरी काम निघालं आणि कंडक्टर म्हणाले दहा मिनिटं लागतील. मी खाली उतरलो. बॅगेत ते पत्र होतं. कॉलेजने अजून काही विचारलेलं नाही, हे मला तिथे उभं राहून फार स्पष्ट कळलं. पत्र माझ्याकडेच आहे. ते दिलं नाही तर पाळकसाहेब कॉलेजला फोन करून विचारणार नाहीत, ते तसे नाहीत. रस्त्याच्या पलीकडे दौंडकडे जाणारी बस येऊन उभी राहिली. वडापावच्या गाडीवर लोक खात होते. मी रस्ता ओलांडायला एक पाऊल टाकलं होतं. हे खरं आहे, म्हणून लिहितोय.

तेवढ्यात फोन वाजला. पप्पा होते. मामांनी रात्रीच त्यांना कळवलं होतं, आणि रात्रीची पाळी करून, आंघोळ न करता ते नगर रोडने निघाले होते.

"मी वाघोलीला आलोय. तू कुठं हाय?"

"यवतला."

"सुटली का बस?"

आमची बस तेव्हा खरंच सुटत होती. कंडक्टर दारात उभे राहून मला हाक मारत होते. मी म्हणालो, "सुटतीय," आणि पळत जाऊन चढलो.

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीच्या आत एक मॅडम बसल्या होत्या. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा वर केला आणि पप्पांकडे बघितलं. पप्पांच्या अंगावर कंपनीचा खाकी शर्ट होता. पप्पा म्हणाले, "फॉर्मवरची सही माजी हाय. तिथं रेघ मारून वर सही करायची आसंल तर करतो." मॅडम म्हणाल्या, की ऑनलाइनला तशी रेघ मारता येत नाही, पण अर्ज द्या. आम्ही अर्ज लिहिला. पप्पांनी त्यावर सही केली आणि वाचून बघितली. मॅडमनी शिक्का मारला. यादी बदलेल, म्हणाल्या. मी विचारलं, नाव राहील का. त्या म्हणाल्या, "वरच्यांना दाखवते. प्रवेश रद्द करायचा का नाही ते ते ठरवतील. फोन चालू ठेवा."

आता ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितलेली नाही.

पप्पा झेरॉक्स काढायला गेले होते आणि मी ऑफिसच्या बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक मुलगा होता, नगरकडचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत द्यायला आला होता. यादीत त्याचं नाव चौथं होतं, माझ्या खाली. त्याने मला विचारलं, तुझे किती. मी आकडा सांगायचं टाळलं आणि त्यालाच विचारलं. तो म्हणाला, अठ्ठ्याऐंशी. मी विचारलं, पीसीएमला? तो म्हणाला, "नाही रे, पीसीबीला. पीसीएमला कमी आहेत. जास्तीचे धरतात ना."

मी त्याच्याकडे बघितलं. पुस्तिकेतली ती ओळ माझ्या फोनमध्ये होती. काढून दाखवायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. खिडकी दहा पावलांवर होती आणि मॅडम आतच होत्या. मी म्हणालो, "हो, बरेचदा धरतात." तेवढ्यात पप्पा आले आणि मी उठलो. तो म्हणाला, "भेटू मंगळवारी."

तेव्हा मी घाबरलेला होतो हे खरं आहे. पण त्या वेळी मला दुसरंही सुचलं होतं. माझा आकडा खाली गेला, की तो माझ्या वर जाणार होता, आणि मंगळवारी त्याची चूक सापडली तर त्याची जागा मोकळी होणार होती. हे सुचलं म्हणून मी गप्प बसलो, की आधी गप्प बसलो आणि मग हे सुचलं, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. घरी येताना बसमध्ये पप्पा खिडकीला डोकं टेकून झोपले होते. मला वाटलं, उठले की सांगू. ते शिरूरला उठले, आणि मी काही बोललो नाही.

शनिवारी सुधारित यादी आली. माझं नाव काढून टाकलं नव्हतं. ते दहावं होतं आणि समोर 'प्रतीक्षा' असं लिहिलं होतं. जागा नऊ. नगरकडच्या मुलाचं नाव तिसरं होतं, मी होतो त्या जागेवर.

रविवारी पाळकसाहेबांनी दुरुस्ती वाचली. महिला मंडळाची बुधवारची सभा आणि पुढच्या आठवड्यातले वाढदिवस यांच्या मध्ये वाचली. आधी वाचलेल्या आकड्याऐवजी त्र्याहत्तर पूर्णांक चौऱ्याऐंशी समजावा, उपकारस्तुती कायम आहे. मी खाली फरशीकडे बघत होतो. आईच्या हातातलं गीतांचं पुस्तक बंद होतं आणि तिचं बोट त्यात अडकलेलं होतं. बाहेर पडताना लोकांनी नेहमीसारखा हात मिळवला. एका आजोबांनी तर मला पुन्हा एक्याण्णवसाठीच शाबासकी दिली. आई त्यांना म्हणाली, "त्र्याहत्तर हायेत, आबा." ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली की आबांनी दुसऱ्यांदा शाबासकी दिली. घरी गेल्यावर म्हणाली, की चिठ्ठी तिने लिहिली होती, तेव्हा चुकली ती. मी म्हणालो, तसं नाही. ती म्हणाली, जेव.

मंगळवार आला. मला बोलावणं नव्हतं, म्हणून मी घरीच होतो. फोन ओट्यावर समोर ठेवला होता. दुपारपर्यंत मी एकच विचार करत होतो. ते आता त्या मुलाचं गुणपत्रक हातात घेत असतील. वरच्या ओळीत पीसीबी. तपासणाऱ्याला घाई असेल का? मला काय हवं होतं ते मला सांगता येत नाही. घाई असावी असंही वाटत होतं, आणि नसावी असंही. भीती तीच होती, पण आता ती कुणासाठी आहे ते कळत नव्हतं.

साडेचारला फोन वाजला. पप्पा पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते आणि हातपाय धूत होते. मी उचलला. आई दारात येऊन उभी राहिली, म्हणून स्पीकर लावला. ऑफिसच्या मॅडम होत्या. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारून खात्री केली.

"एक जागा मोकळी झालीय," त्या म्हणाल्या. "प्रतीक्षा यादीत तुम्ही पहिले आहात."

मी विचारलं, "कुणी आलं नाही का?"

"आला होता. गुणपत्रकात पीसीएमला वेगळेच निघाले. तुमच्यासारखीच चूक, पण तुम्ही आधी येऊन सांगितलंत."

पप्पा ओल्या हातांनी तसेच उभे होते. ते फोनकडे वाकून म्हणाले, "मॅडम, त्या पोराचं काय केलं?"

"नाव काढलं. तो वडिलांना घेऊन बसलाय अजून बाहेर," मॅडम म्हणाल्या. मग कागद चाळल्याचा आवाज आला. "उद्या दहाच्या आत या. मूळ गुणपत्रक घेऊन या."